चिमूटभर मिठाची पिवळी ज्योत

आमटी उतूं जाऊन गॅसच्या शेगडीवर सांडली, कीं निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. त्या वेळीं गृहिणीचें लक्ष पातेल्याकडे असतें, ज्योतीकडे नसतें. आणि तें असावें तरी कशाला? परंतु त्या पिवळ्या रंगाला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचीं कांहीं पानें आपल्या महाराष्ट्रांत व महाराष्ट्राच्या सीमेवर लिहिलीं गेलीं आहेत. त्यांपैकीं एक पान लोकांच्या स्मरणांत जरा चुकीच्या जागीं शिवलें गेलें आहे. तेंहि आज उलगडून पाहावें असा विचार आहे.

श्रोतेहो, प्रथम एक साधी गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत अग्नि अष्टौप्रहर होता, पण निळी ज्योत कोठेंच नव्हती. चूल, समई, निरांजन, पलिता या सर्वांची ज्योत मुळांतच पिवळी. तेलाचे किंवा लाकडाचे जे सूक्ष्म कण पुरते जळत नाहींत, ते ज्योतीमध्यें तापून प्रकाशतात. भांड्याच्या बुडाशीं बसणारी काजळी ती हीच. अशा ज्योतीवर मीठ टाकलें तर कांहीं तडतडेल, परंतु रंगांतला फरक डोळ्यांस फारसा जाणवणार नाहीं. हळदीनें माखलेल्या कापडावर केशराचा डाग कसा दिसावा? त्यामुळें मीठ, सोरा, मोरचूद हे पदार्थ घरोघर असूनहि त्यांचे ज्वालेंतील रंग सामान्य माणसाच्या अनुभवांत आले नाहींत.

भट्टीवर काम करणाऱ्या कारागिरांची गोष्ट वेगळी. आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि भंडाऱ्याचीं पितळी भांडीं दूरवर प्रसिद्ध. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त. मूस तापून पितळ वितळलें, कीं त्यांतील जस्ताची वाफ जळूं लागते. तिची ज्योत हिरवट-निळी असते आणि वर पांढरा धूर उठतो. ज्यानें जन्मभर भट्टीपुढें बसून काढला, त्याला धातूची अवस्था ज्योतीच्या रंगावरून कळते. हें ज्ञान पोथींत शिरलें नाहीं, हातांतच राहिलें.

पोथींत जें शिरलें तें शोभेच्या दारूचें. या विषयावर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांनीं फार परिश्रम घेतले. इ. स. १४०० ते १९०० या पांच शतकांतील भारतीय दारूकामाचा इतिहास त्यांनीं लिहिला, आणि तो १९५३ सालीं बंगळूर येथें छापला गेला. ओरिसाचा गजपति प्रतापरुद्रदेव (राज्यकाल १४९७ ते सुमारें १५४०) याच्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथांत दारूकामाच्या कृति आहेत, हें त्यांनीं दाखवून दिलें. त्यांतील नांवें ऐकूनच मन प्रसन्न होतें: कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योति, चंपाबाण, पुष्पवर्ति. साहित्य मात्र मोजकें: सोरा, गंधक, कोळसा, तऱ्हेतऱ्हेचें लोहचूर्ण, हरताळ. आपल्या मराठींत एकनाथमहाराजांनीं १५७१ च्या सुमारास ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलें, त्यांत लग्नाच्या थाटांत आतषबाजी आली आहे. श्रीकृष्णाच्या काळीं दारू कोठून आली, असा प्रश्न कोणी विचारूं नये. कवि आपल्या काळचें लग्न वर्णन करीत असतो, आणि इतिहास अभ्यासणाऱ्याला तेंच हवें असतें.

सर्वांत मोठा देखावा पेशवाईंतला. महादजी शिंदे १७९२ मध्यें पुण्यास आले व फेब्रुवारी १७९४ मध्यें वानवडीस त्यांचा अंत झाला. या मुक्कामांत त्यांनीं सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचें वर्णन ऐकविलें. तेथील राजा नगराबाहेर दारूची लंका उभारतो, त्यांत रावण, राक्षस, वानर सगळे दारूचे, आणि हनुमंताच्या शेपटीस बत्ती लावली कीं तो उडत जाऊन घरामागून घर पेटवितो. तरुण पेशव्यास तें पाहावेंसें वाटलें, आणि पर्वतीच्या पायथ्याशीं तसा देखावा करण्यांत आला. पुणेकरांनीं तो डोळे भरून पाहिला, असें बखर सांगते. बखरकाराला अतिशयोक्तीचें वावडें नसतें हें खरें. तरी लंका जळाली एवढें मानावयास हरकत नाहीं.

परंतु ती लंका कोणत्या रंगानें जळाली असेल? माझ्या मतें सोनेरी, नारिंगी आणि पांढऱ्या. लोखंडाच्या किसानें सोनेरी फुलें उडतात; चंद्रज्योतीचा प्रकाश पांढरा. आज आपल्या मुलांच्या हातांतील फुलबाजींत जो गर्द लाल किंवा गर्द हिरवा रंग दिसतो, तो त्या काळीं पुण्यांतच काय, पॅरिसमध्येंहि मिळणें कठीण होतें. सोऱ्याच्या दारूची ज्वाला त्या रंगास पुरत नाहीं. बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १७८६ च्या सुमारास पोटॅशियम क्लोरेट हा नवा क्षार तयार केला, आणि पुढील शतकांत दारूकाम करणाऱ्यांनीं तो उचलला. त्याच्या योगें ज्वाला अधिक तापते, शिवाय त्यांतील क्लोरीन धातूशीं संयोग पावून त्या धातूची वाफ ज्योतींत खेळती ठेवतें. मग स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा असे रंग खुलले. स्ट्रॉन्शियम हें नांव स्कॉटलंडमधील स्ट्रॉन्शियन या खेड्यावरून पडलें. गोंदियासारख्या जंक्शनच्या गांवीं या धातूचा परिचय आगगाडीमुळेंहि होऊं शकतो. मार्गांत अडथळा आला तर मागून-पुढून येणाऱ्या गाडीस इशारा देण्यासाठीं गाडींत एक कांडी ठेवलेली असते. ती पेटविली म्हणजे कांहीं मिनिटें लालभडक जळते. तो लाल रंग स्ट्रॉन्शियमचा.

या नव्या रंगांचें मूल्यहि मोजावें लागलें. क्लोरेट आणि गंधक यांचें मिश्रण घासल्यानें किंवा आपटल्यानेंहि भडकतें, आणि कारखान्यांत त्यापायीं कित्येक जीव गेले. भारत सरकारनें जानेवारी १९९२ मध्यें अशा मिश्रणावर बंदी घातली. बेरियमचे क्षार विषारी. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या ऑक्टोबरांत फटाक्यांतील त्यांच्या वापरास मनाई केली. तेव्हां जो कोणी घरीं रंगीत दारू करण्याच्या कृति सांगत असेल, त्याचें कांहीं एक ऐकूं नये, हें मी शिक्षकाच्या अधिकारानें सांगतों.

मात्र नुसती ज्योत रंगविणें आणि दारू करणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. निळी ज्योत आतां घरोघर आली आहे, आणि वडील माणूस जवळ असेल तर मुलांना पुढील गंमत खुशाल दाखवावी. एक लोखंडी तार चिमट्यांत धरून ओली करावी, मिठांत बुडवावी आणि गॅसच्या ज्योतीच्या कडेस न्यावी: ज्योत पिवळी होते. कॅरमच्या फळीवर टाकतात ती बोरिक पावडर घेतली तर फिकट हिरवी छटा येते. वरचें वेष्टन पूर्णपणें काढलेली तांब्याची तार धरली तर कड हिरवी-निळसर दिसते. टाकणखारांत बोरिक पावडरीचाच मूळ पदार्थ असतो, तरी त्याची ज्योत पिवळी. कारण त्यांत सोडियमहि असतें, आणि सोडियम दुसऱ्या कोणास बोलूं देत नाहीं. सोऱ्यांतील पोटॅशियमचा रंग फिका जांभळा, पण मिठाचा अंश असेल तर तो पिवळ्याखालीं बुडून जातो. गडद निळ्या काचेंतून पाहिलें तरच वर येतो. खिडकी उघडी ठेवावी, मोरचुदासारखे विषारी पदार्थ स्वयंपाकघरांत आणूंच नयेत, आणि जळत्या बशींत स्पिरिट कदापि ओतूं नये. पेट थेट बाटलींत शिरतो. अमेरिकेंत शाळांमधून बशांमध्यें मेथॅनॉल जाळून रंग दाखविण्याचा प्रघात होता. अनेक मुलें होरपळल्यावर तेथील रसायनशास्त्राच्या प्रमुख संस्थेनें २०१४ मध्यें तो प्रयोग बंद करण्याचा सल्ला दिला. चाळीस मुलांच्या वर्गांत स्पिरिटची बाटली घेऊन उभे राहणारे शिक्षक मीहि पाहिले आहेत, आणि त्यांच्या धैर्याचें मला कधीं कौतुक वाटलें नाहीं.

आतां त्या पिवळ्या रंगाकडे वळूं. सोड्याचे क्षार आणि पोटॅशचे क्षार दिसावयास सारखे. ते ओळखावे कसे? बर्लिनच्या मार्गग्राफनें १७५८ च्या सुमारास दाखविलें कीं एकाची ज्योत पिवळी व दुसऱ्याची जांभळट होते. पुढें १८२० नंतरच्या दशकांत सर जॉन हर्शेल या इंग्रज ज्योतिर्विदानें अशा रंगीत ज्योती लोलकांतून पाहिल्या आणि लिहून ठेवलें कीं पदार्थाचा अगदीं सूक्ष्म अंश ओळखण्यास हें साधन उपयोगी पडेल. कल्पना उत्तम होती. पण एक अडचण आडवी येई. कोणताहि पदार्थ जाळा, लोलकांत ती पिवळी रेघ हजर! कोणी म्हणे ती गंधकाची, कोणी म्हणे पाण्याची. अखेर १८५६ मध्यें विल्यम स्वान या स्कॉटिश शास्त्रज्ञानें दाखविलें कीं ती मिठाचीच आहे. मीठच सगळीकडे आहे. हाताच्या घामांत, हवेंतील धुळींत, काचेवर, कोठेंहि.

त्याच सुमारास, १८५५ मध्यें, हायडेलबर्ग येथें रॉबर्ट बुन्सेननें जवळजवळ रंगहीन ज्योत देणारा दिवा प्रचारांत आणला. आपली गॅसची शेगडी त्याचीच दूरची बहीण. स्वच्छ कापड मिळालें आणि डाग दिसूं लागले. बुन्सेन व किर्खोफ या जोडीनें १८५९-६० मध्यें सिद्ध केलें कीं प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठराविक व स्वतंत्र असतात. त्यांनीं मोठ्या खोलीच्या एका कोपऱ्यांत सोडियमचा तीन मिलिग्रॅम क्षार उडविला आणि दुसऱ्या टोकास ज्योतीवर नजर ठेवली. कांहीं मिनिटांत पिवळी रेघ उजळली. हिशेब केला तेव्हां एका मिलिग्रॅमच्या तीस लक्षांव्या भागाहूनहि कमी सोडियम त्या रेघेस पुरलें होतें. याच मार्गानें त्यांना सीझियम व रुबिडियम हीं दोन नवीं मूलद्रव्यें सांपडलीं. आणि किर्खोफनें याहून मोठी गोष्ट सांगितली: सूर्यप्रकाशांत जी ‘डी’ नांवाची काळी रेघ दिसते, ती बरोबर मिठाच्या पिवळ्या रेघेच्या जागीं आहे, म्हणून सूर्याच्या वातावरणांत सोडियम आहे. जो सूर्य हातास लागणें अशक्य, त्याचें पृथक्करण घरांतल्या मिठाच्या साहाय्यानें झालें.

साहजिकच पुढच्या मोठ्या खग्रास सूर्यग्रहणाकडे सर्व विद्वानांचे डोळे लागले. तें १८ ऑगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांतून दिसणार होतें. छाया पश्चिम किनाऱ्यावर कोंकणांत शिरून पूर्वेस मच्छलीपट्टणकडे जाणार होती. लंडनच्या रॉयल सोसायटीनें आपले निरीक्षक जमखिंडीस ठेविले. जमखिंडी म्हणजे पटवर्धनांचें मराठी संस्थान, आज कर्नाटकांत बागलकोट जिल्ह्यांत मोडणारें. निरीक्षक होते लेफ्टनंट जॉन हर्शेल, मोजणी खात्यांतील अधिकारी. आणि गंमत अशी कीं ज्यांनीं चाळीसएक वर्षांपूर्वी रंगीत ज्योती लोलकांतून पाहिल्या, त्याच सर जॉन हर्शेल यांचे हे चिरंजीव. वडील तेव्हां हयात होते.

ऑगस्टचा महिना, आकाशांत ढग फिरत होते. ग्रहण सुटण्यापूर्वी पांच-सहा मिनिटांत जें पाहावयाचें तें पाहून घ्यावयाचें, आणि त्यांतहि ढगाची मर्जी राखावयाची. झाकलेल्या सूर्यबिंबाच्या कडेवर ज्या ज्वाला दिसतात, त्या कशाच्या हा प्रश्न होता. ढग फाटले आणि लेफ्टनंट हर्शेल यांना दुर्बिणीस जोडलेल्या लोलकांत तीन तेजस्वी रेघा दिसल्या: एक लाल, एक नारिंगी, एक निळी. सूर्यावरील त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हें ठरलें. नारिंगी रेघ त्यांनीं डी म्हणजे मिठाची मानली. गुंटूर येथें टेनंट यांनीहि तसेंच मानलें. यांत त्यांचा दोष काढणें अन्यायाचें होईल. जी रेघ शंभर वर्षें हटकून प्रत्येक ज्योतींत भेटली, ती येथेंहि भेटली असें कोणालाहि वाटलें असतें.

गुंटूरलाच फ्रान्सचे जान्सेन होते. रेघा इतक्या झगझगीत होत्या कीं त्या ग्रहणाशिवायहि दिसतील असें त्यांना वाटलें, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं त्या पाहिल्याहि. इकडे इंग्लंडमध्यें नॉर्मन लॉकियर यांनीं स्वतंत्रपणें तीच युक्ति साधली. २० ऑक्टोबर १८६८ रोजीं त्यांना सूर्याच्या कडेवर ती रेघ दिसली, आणि निवांतपणें मोजून पाहतां ती मिठाच्या जागेवर बसेना. थोडी बाजूस! मिठाच्या रेघा वस्तुतः दोन आहेत, अगदीं चिकटून; ही तिसरी. पृथ्वीवरच्या कोणत्याहि ज्योतींत ती मिळत नव्हती. सूर्याच्या ग्रीक नांवावरून या अज्ञात द्रव्यास हीलियम म्हणूं लागले. पुष्कळ विद्वानांनीं मान हलविली. सत्तावीस वर्षांनीं, १८९५ मध्यें, विल्यम रॅम्झे यांनीं एका युरेनियमयुक्त खनिजांतून निघालेल्या वायूंत तीच रेघ पाहिली, तेव्हां वाद मिटला.

येथें सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील विजयदुर्गाची गोष्ट येते. त्या किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवितात आणि सांगतात कीं १८ ऑगस्ट १८६८ रोजीं लॉकियरसाहेबांनीं याच कट्ट्यांवर दुर्बिणी लावून हीलियमचा शोध लावला. त्या तारखेस अलीकडे तेथें हीलियमदिनहि साजरा होतो. विजयदुर्ग १८६८ च्या छायेंत होता हें खरें, परंतु लॉकियर त्या दिवशीं इंग्लंडमध्यें होते. हिंदुस्थानांत ते प्रथम १८७१ च्या डिसेंबरांत आले, तेहि केरळांतील बेकलच्या किल्ल्यावर, दुसऱ्या एका ग्रहणासाठीं. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीस होते, आणि उपकरणें उभारण्याचें काम मोठ्या प्रमाणावर झालें. कट्ट्यांचा संबंध या मुक्कामाशींच जुळतो. तीस वर्षांचीं दोन ग्रहणें लोकस्मृतीनें एकत्र बांधलीं, एवढाच प्रकार.

कोणी म्हणेल, गांवाला एक अभिमान आहे, तो कशाला हिरावून घ्यावा? मला तसें वाटत नाहीं. विजयदुर्गाचें १८९८ चें पान खरें आहे, तें पुरेसें मोठें आहे, आणि खोट्या पानाखालीं तें झाकलें गेलें आहे. शिवाय १८६८ चें श्रेय विजयदुर्गास दिलें कीं जमखिंडी विसरली जाते. पटवर्धनांच्या त्या गांवीं ढगांच्या फटींतून ती रेघ प्रत्यक्ष पाहिली गेली, आणि आज किती मराठी घरांत ही गोष्ट ठाऊक आहे?

१८९८ च्या ग्रहणाची छाया विजयदुर्गावरून ईशान्येस निघाली ती सोलापूर जिल्हा ओलांडून आमच्या विदर्भांत आली. वर्ध्याजवळील पुलगांव येथें हिल्स आणि न्यूअल हे इंग्रज निरीक्षक उतरले होते. करमाळा तालुक्यांतील जेऊर येथें अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांचा तळ पडला. आणि तेथेंच एक स्वदेशी तळहि होता, तो पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांवाला यांचा. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगींतून पुण्यांत १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभी राहिली, तिचे हे प्रमुख. तिच्यांतील वीस इंच व्यासाची आरशाची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. वर्षभरापूर्वीच पुण्यांत प्लेगनें हाहाकार केला होता. अशा दिवसांत नायगांवाला जेऊरच्या माळावर लोलक आणि छायाचित्रांच्या कांचा घेऊन सूर्याच्या ज्योतीचे रंग उतरवून घेत होते. त्यांचा अहवाल १९०२ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें ते १९१२ मध्यें निवृत्त झाले, वेधशाळा मोडली, आणि ती दुर्बीण दक्षिणेंत कोडाईकनालला गेली.

ज्यांना हा पिवळा रंग घरींच लोलकावांचून तपासावयाचा असेल त्यांनीं गाण्यांची जुनी, टाकून दिलेली सीडी घ्यावी. तिच्यावरील सूक्ष्म रेषा प्रकाश फोडून वेगळा करतात. खोलींत अंधार करून मीठ लावलेली तार गॅसच्या ज्योतींत धरवावी आणि ज्योतीचें प्रतिबिंब सीडींत तिरपें पाहावें. साध्या दिव्याचा तेथें इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसतो. मिठाच्या ज्योतीचा मात्र जवळजवळ एकच पिवळा डाग. रस्त्यांवर पूर्वी असलेले पिवळे सोडियमचे दिवे जेथें अजून टिकून असतील, तेथेंहि पिवळा भाग असाच उठून दिसेल. हीलियमची रेघ या रीतीनें दिसणार नाहीं. त्या वायूला प्रकाशावयास लावण्याइतकी शक्ति शेगडीच्या ज्योतींत नसते, त्यासाठीं नळींत वायु भरून विजेचा प्रवाह सोडावा लागतो. तसा दिवा एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत मिळाला तर मिठाच्या ज्योतीशेजारीं ठेवून दोन्ही पिवळ्या रेघा एकदां अवश्य पाहाव्या. त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, कीं जमखिंडीच्या निरीक्षकानें एकीस दुसरी कां म्हटलें तें लगेच समजतें.